सर्व्हरची लिंक अधूनमधून तुटते तेव्हा : दोष शोधण्याची पद्धत

सर्व्हरचं नेटवर्क कायमचं बंद पडलं तर काम त्या मानाने सोपं. दोष जागेवर थांबलेला असतो; एकेक भाग बदलत गेलं की सापडतो. जीव खाते ती दिवसातून दोनदा तीन-तीन सेकंद जाणारी लिंक. माणूस रॅकपाशी पोहोचेपर्यंत हिरवा दिवा पुन्हा लागलेला असतो आणि मागे राहते ती फक्त तक्रार : ‘मघाशी सॉफ्टवेअर अडकलं होतं.’

अशा वेळी हात आपोआप केबलकडे जातो. तिथेच थांबा. आरजे-४५ प्लगचे आणि सॉकेटचे संपर्क एकमेकांवर घासत बसतात. प्लग काढून पुन्हा घातला की त्या घासण्यानेच संपर्कावरचा गंज, धूळ थोडी पुसली जाते आणि लिंक चार दिवस शहाण्यासारखी वागते. तुम्हाला वाटतं काम झालं. पाचव्या दिवशी तोच दोष परततो, आणि दोष कुठे होता याची खूण मात्र तुमच्याच हाताने पुसली गेलेली असते. मशीन रीबूट केल्यानेही हेच होतं : नेटवर्क कार्डाचे सगळे काउंटर, म्हणजे चुका आणि घटना मोजणारे आकडे, शून्यावर जातात. म्हणून आधी माहिती गोळा करायची, मग वस्तूंना हात लावायचा.

इथे लिनक्स सर्व्हर धरला आहे आणि इंटरफेसचं नाव उदाहरणादाखल ‘एनो१’ घेतलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

पहिला प्रश्न : लिंक खरंच पडते का?

‘नेटवर्क गेलं’ या एका तक्रारीमागे तीन वेगळे आजार असू शकतात. पहिला, लिंकच पडते, म्हणजे कार्डाला समोरून विद्युत किंवा प्रकाशाचा संकेत मिळणं थांबतं. दुसरा, लिंक उभी असते पण फ्रेम, म्हणजे तारेवरून जाणारे माहितीचे तुकडे, खराब होऊन पोहोचतात. तिसरा, लिंकही उभी आणि फ्रेमही स्वच्छ, पण पॅकेट भलतीकडे जातात : दोन मशीनना एकच आयपी, स्विचवर स्पॅनिंग ट्रीची (नेटवर्कमध्ये गोल फेरा होऊ नये म्हणून पोर्ट अडवणाऱ्या व्यवस्थेची) उलथापालथ, बाँडिंगची (अनेक लिंक एकत्र बांधण्याची) चुकीची मांडणी. तिसऱ्या आजारावर केबल बदलण्यात अख्खा आठवडा जाऊ शकतो, म्हणून हा निवाडा सगळ्यांत आधी.

तो करायला दोन जागा पुरतात. एक, कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग. ‘जर्नलसीटीएल’ला लहान के हा पर्याय द्या आणि त्यात ‘लिंक इज डाउन’, ‘लिंक इज अप’ अशा ओळी शोधा. ‘डीमेसेज’ मोठा टी देऊन वापरलं तर वाचता येईल अशी वेळ दिसते, पण मशीन मध्ये सस्पेंड झालेलं असेल तर ती चुकते. जर्नलची वेळ जास्त भरवशाची. त्याच सर्व्हरवर डॉकर असेल तर ‘व्हेथ’ नावाच्या आभासी इंटरफेसच्या ओळींनी लॉग भरून गेलेला दिसेल. त्या वगळा, आपल्या ड्रायव्हरच्या नावाच्या ओळीच बघा : इंटेलच्या गिगाबिट कार्डांना बहुधा आयजीबी किंवा ई१०००ई, १० गिगाबिटला आयएक्सजीबीई, ब्रॉडकॉमला टीजी३ किंवा बीएनएक्सटी, मेलानॉक्सला एमएलएक्स५. कुठला ड्रायव्हर आहे हे ‘इथटूल’ या कमांडला लहान आय देऊन कळतं.

दुसरी जागा ‘/सिस/क्लास/नेट/एनो१/’ ही. तिथल्या ‘कॅरियर_चेंजेस’ फाइलमध्ये एक आकडा असतो. लिंक पडली की तो एकने वाढतो, परत आली की आणखी एकने. म्हणजे एका पडण्याचे दोन. कर्नल ४.१६ किंवा नंतरचा असेल तर शेजारी ‘कॅरियर_डाउन_काउंट’ आणि ‘कॅरियर_अप_काउंट’ असे वेगळे आकडेही मिळतात. तक्रारीच्या आधी आणि नंतर हा आकडा तोच राहिला असेल, तर लिंक पडलेली नाही. केबल, मॉड्यूल (पोर्टात बसवायचा, संकेत पाठवणारा-घेणारा सुटा भाग), पोर्ट यांची चौकशी तेवढ्यापुरती बाजूला ठेवा.

लॉगमध्ये ‘लिंक इज डाउन’च्या आधीच्या दहा-वीस ओळी जरूर वाचा, निम्मं उत्तर तिथे असतं. आधी ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ आणि ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’, किंवा ई१०००ई ड्रायव्हरचं ‘डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग’, आणि मग लिंक डाउन, असा क्रम असेल तर केबल निर्दोष आहे. कार्ड आतून अडकलं, ड्रायव्हरने त्याला रीसेट केलं आणि त्या रीसेटमुळे लिंक पडली. आधी काहीच नसेल, शांततेत अचानक लिंक गेली असेल, तर दोष कार्डाच्या बाहेर असण्याकडे कल जातो.

किती वेळ गेली, यालाही अर्थ आहे. तांब्यावरच्या गिगाबिट लिंकला पुन्हा ऑटो-निगोशिएशन करून उभं राहायला दोन-चार सेकंद लागतात. लॉगमध्ये लिंक तीन सेकंदांत परत आलेली दिसते, पण वापरणारे अर्धा मिनिट बंद होतं म्हणतात. मग दोघंही खरं सांगत असतात. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो, त्यानंतर वाहतूक सोडतो. सर्व्हरच्या पोर्टवर ही प्रतीक्षा वगळणारं पोर्टफास्ट, किंवा तुमच्या स्विचवर त्याला ‘एज’ म्हणत असतील तर ते, चालू करा. मूळ दोष त्याने जात नाही, पण तीन सेकंदांच्या दोषाचा ३३ सेकंदांचा खोळंबा होत नाही. शोध संपेपर्यंत लोकांना तेवढा दिलासा द्यायलाच हवा.

दोन्ही टोकांची घड्याळं जुळवा

लिंकला दोन टोकं असतात आणि सर्व्हर हे त्यातलं एकच. स्विचचा लॉग पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. मात्र स्विचचं घड्याळ सात मिनिटं मागे असेल तर तो लॉग दिशाभूल करतो. सर्व्हरवर वेळ जुळवणारं ‘क्रोनी’ आणि स्विचवर एनटीपी एकाच स्रोताशी जुळवा, आणि त्यानंतर पडलेल्या लिंकचाच हिशेब धरा.

मग नोंदी लिहायला घ्या : तारीख, वेळ, किती सेकंद, त्या वेळी काय चालू होतं. आठ-दहा नोंदी झाल्या की बहुतेकदा काहीतरी आकार दिसू लागतो. रोज रात्री दोनला पडते? तेव्हा बॅकअप चालतो का बघा. भार वाढल्यावर पडणारी लिंक म्हणजे मर्यादेच्या कडेला आलेली केबल किंवा तापणारं मॉड्यूल. दुपारी एक ते चार? रॅकमधली हवा आणि एसीचं वेळापत्रक तपासा. लिफ्ट किंवा पाण्याचा पंप सुरू होताना? केबल वीजतारांच्या शेजारून गेली आहे का, आणि अर्थिंग नीट आहे का, ते बघा. रॅकचं दार उघडल्यावर? मग यांत्रिक सैलपणा, आणि तो सापडणं सर्वांत सोपं. स्विचच्या लॉगमध्ये त्याच क्षणी शेजारचे चार पोर्टही पडले असतील, तर सर्व्हर सोडा आणि स्विचचा वीजपुरवठा बघा.

सिस्कोच्या स्विचवर एक गोष्ट लक्षात असू द्या : दहा सेकंदांत पाच वेळा लिंक हलली की स्विच तो पोर्ट आपणहून ‘एर-डिसेबल’, म्हणजे चुकीमुळे बंद, करतो. स्वयंचलित पुनर्प्राप्ती चालू करून ठेवलेली नसेल तर पोर्ट बंदच राहतो. चालू असेल तर मूळ मुदत ३०० सेकंदांची. ‘बरोब्बर पाच मिनिटं नेटवर्क जातं’ अशी तक्रार आली तर आधी हेच तपासा.

काउंटर वाचायचे कसे

‘इथटूल’ला मोठा एस हा पर्याय दिला की कार्डाचे सगळे काउंटर समोर येतात, कधी कधी दोनशेच्या वर. नावं ड्रायव्हरप्रमाणे बदलतात. आपल्याला हवे आहेत ते थोडे : सीआरसी चुका, लेंथ किंवा सिंबॉल चुका, ‘मिस्ड’, ‘फिफो’ आणि ‘ड्रॉप’. मेलानॉक्सच्या कार्डावर लिंक किती वेळा पडली याचाही वेगळा काउंटर असतो.

नुसता आकडा काहीच सांगत नाही. सीआरसी ४,१२० म्हणजे काय? मशीन दोन वर्षं चालू असेल आणि मध्ये कुणी एकदा केबल हलवली असेल, तर काही नाही. गेल्या तासात १२० वाढले असतील, तर बरंच काही. म्हणून दर मिनिटाला तारीख-वेळ, ‘कॅरियर_चेंजेस’ आणि सीआरसीचा आकडा एका फाइलीत जोडत जाणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीत) टाका. दोन दिवसांत ती फाइल कुठल्याही अंदाजापेक्षा जास्त बोलते.

सीआरसी चूक म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली. सर्व्हरवर वाढणारी सीआरसी ही स्विचकडून सर्व्हरकडे येणाऱ्या दिशेची. उलट दिशेची चूक स्विचच्या पोर्टवर एफसीएस या नावाने दिसते. दोन्हीकडे वाढत असेल तर केबल, एकाच बाजूला वाढत असेल तर एखादी जोडी, एखादा तंतू किंवा एका टोकाचा पाठवणारा भाग, असा पहिला अंदाज बांधता येतो. किती चुका चालतात? मानकाप्रमाणे १० गिगाबिटला एक लाख कोटी बिटांत — म्हणजे एकावर बारा शून्यं — एका चुकीपर्यंतच मुभा असते. पूर्ण भारावर हिशेब केला तर शंभर सेकंदांत एक चूक नियमात बसते. पण चांगली केबल त्या मर्यादेच्या जवळपासही येत नाही. आठवडेच्या आठवडे शून्यावर असते. रोज सीआरसी वाढत असेल तर ‘नियमात आहे’ म्हणून गप्प बसू नका.

एक फसवी जागा आहे. काही स्विच कट-थ्रू पद्धतीने चालतात : फ्रेम पूर्ण येण्याआधीच पुढे पाठवायला सुरुवात करतात. आत आलेली फ्रेम खराब आहे हे कळेपर्यंत ती निम्मी बाहेर पडलेली असते. मग सर्व्हरवर सीआरसी वाढते, पण खराबी स्विचच्या भलत्याच पोर्टावरच्या भलत्याच केबलमध्ये असते. सर्व्हरची केबल दोनदा बदलूनही आकडा तसाच वाढत राहिला, तर स्विचवर आत येणाऱ्या चुका कुठल्या पोर्टवर आहेत ते शोधा.

‘मिस्ड’ आणि ‘फिफो’ यांचा केबलशी संबंध नाही. फ्रेम धडधाकट आली, पण सर्व्हरला ती उचलायला सवड झाली नाही. रिंग बफर, म्हणजे आलेल्या फ्रेम थांबवून ठेवायची जागा, किती आहे ते ‘इथटूल’ला लहान जी देऊन बघा, मोठा जी देऊन वाढवा; अनेक कार्डांवर ४०९६ पर्यंत जाता येतं. मात्र हा बदल करताना बरेच ड्रायव्हर कार्ड रीसेट करतात आणि लिंक क्षणभर पडते. भर कामाच्या वेळी करू नका.

तांब्याची केबल

‘इथटूल एनो१’ एवढंच टाइप करा आणि वेग बघा. गिगाबिटचं कार्ड, गिगाबिटचा स्विच, आणि वेग दिसतो १००? मग केबलच्या आठ तारांपैकी एखादी गेली आहे हे जवळजवळ ठरलंच. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ या पिनांवरच्या. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की गिगाबिट उभं राहत नाही. काही प्रयत्नांनंतर कार्ड स्वतःहून १०० वर उतरतं. लॉगमध्ये लिंक एकदा १००० वर, एकदा १०० वर येताना दिसली तर ती तार पूर्ण तुटलेली नाही, टेकते-सुटते आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच केबलींचा खरा आजार क्रिंपिंगमध्ये, म्हणजे तारांवर प्लग दाबून बसवण्यात, असतो. दोन्ही टोकांना रंग सारखे लावले की झालं, अशी एक समजूत आहे. तशी केबल साध्या आठ दिव्यांच्या टेस्टरवर पास होते, जवळच्या अंतरावर १०० मेगाबिटला चालतेही. पण ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या दोन तारा असाव्या लागतात. रंग ओळीने १-२, ३-४, ५-६, ७-८ असे लावले तर ३ आणि ६ वर दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, पीळ निरुपयोगी होतो आणि एकीचा आवाज दुसरीत शिरतो. याला स्प्लिट पेअर म्हणतात. दिवे लावणारा टेस्टर हा दोष दाखवूच शकत नाही. बरोबर क्रम, टी-५६८बी प्रमाणे, असा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगमध्ये पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका, आणि केबलचं बाहेरचं आवरण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे. ते बाहेर राहिलं तर ओढ सगळी तारांवर येते, आणि असा प्लग सहा महिन्यांनी त्रास देतो.

आणखी तीन गोष्टी हातासरशी बघा. केबलवर सीसीए असं छापलं असेल, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. रोध जास्त, वाकवली की तुटते. ती सर्व्हरला लावायचीच नाही. दुसरं, भिंतीतली केबल एकेरी तारेची आणि पॅच कॉर्ड बारीक धाग्यांची असते. दोन्हींचे प्लग वेगळे. चुकीच्या जोडीत संपर्क काही दिवस बरा असतो, मग ढिला पडतो. तिसरं, प्लगची प्लास्टिकची जीभ. ती तुटलेला प्लग पंख्याच्या थरथरीनेही हळूहळू बाहेर सरकतो. त्याला चिकटपट्टी लावणं म्हणजे दोष पुढच्या माणसाकडे ढकलणं.

लांबीची मर्यादा १०० मीटर, त्यात पक्की केबल ९० आणि पॅच कॉर्ड मिळून १०. पण १० गिगाबिटला कॅट-६ वर ५५ मीटरच्या पुढे भरवसा नाही, आणि केबलींचा जाड जुडगा बांधलेला असेल तर त्याहूनही कमी. पूर्ण १०० मीटरसाठी कॅट-६ए लागते. गिगाबिटवर वर्षानुवर्षं नीट चाललेली केबल १० गिगाबिटचं कार्ड लावल्यावर कुरकुरू लागते ती यामुळे.

काही कार्डांवर ‘इथटूल’ केबलची चाचणीही करतं. ‘--केबल-टेस्ट’ हा पर्याय कर्नल ५.८ पासून आहे. कुठली जोडी उघडी आहे, कुठली टेकते आहे आणि किती मीटरवर, हे ते सांगतं. मात्र फार थोड्या ड्रायव्हरांत सोय आहे, आणि चाचणी चालू असताना लिंक पडते. सर्व्हरच्या बाजूने जमलं नाही तर बऱ्याच मॅनेज्ड स्विचांत टीडीआर नावाने हीच चाचणी असते.

मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनारपट्टीवर दमट खाऱ्या हवेने संपर्क लवकर खराब होतात. एसी नसलेल्या खोलीतल्या पॅच पॅनेलचे संपर्क टॉर्च लावून बघा, हिरवट-काळी झाक असेल तर ते सॉकेटच बदला. आणि दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल तर पावसाळ्यात विजांचा कडकडाट झाल्यावर पोर्ट अर्धमेले होतात : पूर्ण मरत नाहीत, अधूनमधून सुटतात. अशा जागी फायबर टाकण्याला पर्याय नाही.

फायबर

इथे अंदाजाला जागाच नाही, कारण मॉड्यूल स्वतः प्रकाश मोजून सांगतं. ‘इथटूल’ला लहान एम द्या. पाठवलेली शक्ती, मिळालेली शक्ती, तापमान, व्होल्टेज, लेझरचा करंट, आणि प्रत्येकाच्या धोक्याच्या मर्यादा, सगळं येतं. मिळालेली शक्ती डीबीएममध्ये वाचा. उणे ३ म्हणजे अर्धा मिलिवॅट, उणे १० म्हणजे एक दशांश. दर ३ ने प्रकाश निम्मा होतो. उणे ४० च्या आसपास आकडा म्हणजे अंधार.

१० गिगाबिटच्या एसआर मॉड्यूलला, म्हणजे ८५० नॅनोमीटर आणि मल्टिमोड केबल, सरासरी उणे ९.९ डीबीएमपर्यंत चालतं. एलआरला, म्हणजे १३१० नॅनोमीटर आणि सिंगलमोड, उणे १४.४ पर्यंत. पण या सीमेवर संसार करायचा नसतो. रॅकमधल्या दहा मीटरच्या एसआर लिंकवर उणे ३ च्या जवळपास आकडा यायला हवा. तिथे उणे ८ दिसत असेल तर लिंक आज उभी आहे इतकंच, दुपारच्या उन्हात ती पडेल. दोन्ही टोकांचे आकडे घ्या. या टोकाने पाठवलेले उणे २ आणि त्या टोकाला मिळालेले उणे ९, तर मधले ७ डीबी कुठेतरी गळतायत.

बहुतेक वेळा ते घाणीत गळतात. मल्टिमोड तंतूचा गाभा ५० मायक्रॉनचा, सिंगलमोडचा जेमतेम ९. माणसाचा केस त्याहून जाड. बोट लागलेला कनेक्टर, झाकण न लावता ठेवलेलं मॉड्यूल, एवढं पुरतं. एलसी कनेक्टरसाठी १.२५ मिलिमीटरचा क्लिक-क्लीनर मिळतो. कनेक्टर आणि मॉड्यूलचं तोंड दोन्ही साफ करा, कारण एक साफ आणि एक घाण जोडलं की दोन्ही घाण होतात. शर्टाच्या टोकाने पुसू नका, तोंडाने फुंकर मारू नका. आणि तंतूत डोकावून ‘प्रकाश येतोय का’ हे कधीही बघू नका : ८५० आणि १३१० दोन्ही डोळ्याला दिसत नाहीत, पण डोळ्याला इजा करू शकतात.

साफ करूनही आकडा सुधारला नाही तर केबलचं वळण बघा. ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण, दारात चिमटलेली केबल, करकचून आवळलेला झिप-टाय. फायबरला वेल्क्रोच वापरा. मल्टिमोडमध्ये जात जुळते का, हेही बघा : १० गिगाबिट एसआर ओएम३ वर ३०० मीटर जातं, ओएम१ च्या जुन्या नारिंगी केबलवर फक्त ३३. दुसऱ्या टोकाची चूकही होते. ४० किलोमीटरचं ईआर मॉड्यूल शेजारच्याच रॅकला जोडलं तर प्रकाश इतका जास्त होतो की घेणारा भाग आंधळा होतो. मध्ये प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर लागतो.

तांब्याचं १० गिगाबिट एसएफपी मॉड्यूल वापरत असाल तर त्याला हात लावून बघा. ती तापतात, आणि त्यांचा पल्ला साधारण ३० मीटरचाच. शेजारशेजारच्या पोर्टात चार लावली की उन्हाळ्यात एकामागून एक सुटू लागतात. मध्ये एक पोर्ट रिकामा सोडा, किंवा सरळ डीएसी, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल पक्कं बसवलेली तांब्याची केबल, घ्या. पॅसिव्ह डीएसी पाच-सात मीटरपर्यंत चालते आणि जवळजवळ तापत नाही.

२५ गिगाबिट किंवा वर असाल तर एफईसी (वाटेतल्या चुका दुरुस्त करण्याचं तंत्र) दोन्ही टोकांना सारखं हवं. एका बाजूला आरएस, दुसऱ्या बाजूला बेस-आर किंवा बंद, असं असेल तर लिंक उभीच राहत नाही किंवा उभी राहून कोसळते. ‘--शो-एफईसी’ने सर्व्हरची बाजू कळते.

सेटिंगमधले दोष

डुप्लेक्सची (दोन्ही दिशांनी एकदम बोलायचं, म्हणजे फुल, की पाळीपाळीने, म्हणजे हाफ, याची) विसंगती जुनी झाली तरी भेटतेच. स्विचवर कुणीतरी ‘१०० फुल’ असं पक्कं करून ठेवलं, सर्व्हर ऑटोवर. सर्व्हरला समोरून निगोशिएशनचा संकेत मिळत नाही. वेग तो ओळखतो, डुप्लेक्स ओळखू शकत नाही, म्हणून नियमाप्रमाणे हाफ धरतो. पिंग व्यवस्थित चालतं, मोठी फाइल पाठवली की रडतं. हाफच्या बाजूला लेट कोलिजन आणि फुलच्या बाजूला सीआरसी, ही जोडी दिसली की दुसरं काही शोधू नका. दोन्हीकडे ऑटो ठेवा. तांब्यावरच्या गिगाबिटला तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच आहे, ते बंद करून लिंक ‘स्थिर’ करण्याचा सल्ला मानू नका.

वीज वाचवणारी ईईई सोय, २०१० चं ८०२.३एझेड मानक, काही कार्ड-स्विच जोड्यांत एकमेकांशी पटत नाही. भार नसताना, शांत रात्रीच लिंक पडत असेल तर संशय इथे घ्या. ‘--सेट-ईईई’ देऊन बंद करून बघा. पीसीआय एक्सप्रेसच्या एएसपीएम या वीजबचतीच्या सोयीचंही तसंच; इंटेलच्या ८२५७४एल या चिपला तिचा त्रास होतो, आणि कर्नलला बूटच्या वेळी ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ देऊन तो थांबतो. त्याच ओघात ‘एलएसपीसीआय’ला दोन व्ही देऊन कार्डाची ‘एलएनकेस्टा’ ओळ बघा. आठ लेनचं कार्ड चारवर चालत असेल किंवा ‘डाउनग्रेडेड’ दिसत असेल, तर आधी खात्री करा की स्लॉटच तेवढ्या लेनचा नाही ना. तसं नसेल तर कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नाही.

बाँडिंग असेल तर दोष महिनोन्‌महिने लपतो. एक लिंक पडते, दुसरी भार उचलते, कुणाला कळत नाही. दुसरी पडते त्या दिवशी सगळं जातं. ‘/प्रॉक/नेट/बाँडिंग/बाँड०’ उघडा आणि प्रत्येक लिंकचा ‘लिंक फेल्युअर काउंट’ वाचा. ‘एमआयआयमॉन’, म्हणजे लिंक तपासण्यातलं अंतर, १०० मिलिसेकंद ठेवा. तो शून्य असेल तर पडलेली लिंक बाँडला अशा तपासणीतून कळतच नाही. एलएसीपी (बाँडच्या दोन्ही टोकांनी एकमेकांना निरोप पाठवत राहण्याची पद्धत) वापरत असाल तर निरोपांचा रेट बघा : संथ दर ३० सेकंदांचा, म्हणजे केबल वरवर उभी पण आतून मेलेली असेल तर ते कळायला ९० सेकंद जातात, जलद दर एका सेकंदाचा, तीन सेकंदांत कळतं. दोन्ही टोकांना जलद ठेवा.

आता वस्तूंना हात लावा

एका वेळी एकच बदल. केबल, पोर्ट आणि मॉड्यूल एकदम बदलून लिंक सुधारली तर तिघांपैकी दोषी कोण हे कधीच कळणार नाही, आणि दोषी वस्तू सुट्या सामानात जाऊन दुसऱ्या सर्व्हरला लागेल.

नवीन केबल लावण्यापेक्षा अदलाबदल जास्त शिकवते. शेजारचा, नीट चालणारा सर्व्हर निवडा. आधी ‘इथटूल’ला लहान पी आणि १० हा आकडा द्या, दहा सेकंद पोर्टचा दिवा लुकलुकतो आणि भलतीच केबल उपसली जात नाही. मग फक्त स्विचच्या बाजूने दोघांच्या केबली एकमेकांच्या पोर्टात लावा, दोन्ही पोर्टांचं व्हीलॅन, म्हणजे स्विचवरचा नेटवर्कचा विभाग, सारखं आहे याची खात्री करून. दोष शेजारच्या सर्व्हरकडे गेला तर स्विचचा पोर्ट किंवा त्यातलं मॉड्यूल दोषी. आपल्याकडेच राहिला तर केबल किंवा सर्व्हर. पुढच्या फेरीत सर्व्हरच्या बाजूची टोकं बदला : दोष केबलीबरोबर गेला तर केबल, सर्व्हरलाच चिकटून राहिला तर कार्ड. पॅच पॅनेल मध्ये असेल तर एक लांब केबल थेट स्विचपर्यंत ओढून पॅनेल वगळून बघा. यात नुसतं प्लग घासल्याने मिळालेली तात्पुरती सुधारणाही उघडी पडते, कारण दोष ‘नाहीसा’ होणं हे उत्तर धरायचं नाही. तो दुसरीकडे ‘गेला’ पाहिजे.

प्रत्येक बदलानंतर भार द्या. नेटवर्कचा वेग मोजणारं ‘आयपर्फ३’ दहा मिनिटं एका दिशेने, मग मोठा आर देऊन उलट दिशेने, आणि चालू असताना केबल दोन्ही टोकांपाशी बोटाने हलकेच हलवा. त्या क्षणी सीआरसी उडी मारत असेल तर दोषी तुमच्या बोटाखाली आहे.

दुरुस्त झालं कधी म्हणायचं? आधीच्या नोंदींवरून दोन पडण्यांमधलं सरासरी अंतर काढा. दिवसातून एकदा पडत असेल तर एक दिवस शांत गेल्याने काहीच सिद्ध होत नाही; काही न करताही असा दिवस मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. तिप्पट थांबलात, म्हणजे तीन दिवस, तर ती ५ टक्क्यांवर येते. आठवड्यातून एकदा पडणाऱ्या लिंकला तीन आठवडे द्या आणि तोवर तक्रार बंद करू नका. क्रॉनमधली ती चार ओळींची स्क्रिप्ट त्यानंतरही चालू राहू द्या, आणि ‘कॅरियर_चेंजेस’ वाढला की निरोप येईल अशी सोय करा.

दोषी ठरलेली केबल मात्र खणात ठेवू नका. पक्कडीने तिचे दोन्ही प्लग जागेवरच कापून टाका.